मीठ न घालता

६ एप्रिल २००४, मंगळवार
वाघोली. बिल्डरला बोअरसाठी जागा हवी. सळया ठोकून करंट सोडला. जमीन ठणठणीत, म्हणून माझा मदतनीस बापू नेहमीसारखा सळईपाशी मिठाचं पाणी ओतत होता. त्याशिवाय करंट शिरत नाही. खाली पाणी लागलं की जमिनीचा विद्युतरोध उतरतो. इथे उतरला, पण फारच. चांगल्या पाण्याचा इतका उतरत नाही. वरच्या अंगाला जुनी खाण, कारखान्याच्या गाळाने बुजवलेली. त्यातलंच काही पाण्यात झिरपत असेल, ही शंका.
दुपारी चहा बापूकडे. घर उतारालाच. भिंतीवर बुद्ध. मुलगी पहिल्या बाळंतपणाला आलीय. शालनवहिनींच्या हातचा चहा म्हणजे... दुसरा कप मागून घेतला.

८ एप्रिल
ऑफिसात साहेबांना, देवधर सरांना, ग्राफ दाखवला. "बापूने मीठ जास्त ओतलं असेल. आणि आपल्याला पाणी आहे का एवढंच विचारलंय, चव नाही." मी विचारलं, फ्लॅटवाले काय पिणार? "आयटीवाले आहेत, टँकर मागवतील."
बापू कुठून मागवणार? संताप आला. गिळला.

१० एप्रिल, शनि.
सुट्टी टाकून गेलो. रेषा खाली बापूच्या विहिरीकडे नेली. खाणीपासून लांब जाताना रोधाचे आकडे वाढायला हवे होते. वाढेनात. मग दिसलं, बादलीजवळ मिठाची पिशवीच नाही.
"बापू, मीठ?"
"घरीच राह्यलं साहेब. नुसतं हिरीचं पाणी वततोय."
करंट मात्र रोजच्यासारखाच जात होता. म्हणजे विहिरीच्या पाण्यातच क्षार. बाटली भरून घेतली, सोमवारी लॅबला देणार.

११ एप्रिल
रविवार, पण घरी बसवेना. बापूकडे जाऊन सांगितलं. विहिरीत खाणीतलं उतरतंय, पिऊ नका. निदान या पोटुशा पोरीला तरी देऊ नका.
"मग काय प्यायचं, ते बी सांगा की."

वहिनी आत गेल्या. स्टोव्हचा आवाज. चहा घेऊन आल्या, मला, मुलीला. मुलीने कप खाली ठेवला. माझा हात कपापासून मागे आला. बापू माझ्याकडे बघत होता. या घरचं पाणी नाकारणारे त्याने जन्मभर पाहिलेत. त्यांची कारणं वेगळी, पण हात असाच मागे घेतला असणार.
माझ्याच्याने नाही म्हणवलं नाही. घोट घेतला.
मुलीने लगेच तिचा कप उचलला.