सबसिडी बंद होणार म्हणे

७ ऑक्टोबर

आमच्या हिचा, सिंधूचा, गुडघा कसा? — जिना चढली, म्हणजे बरा. माझी शुगर? — ते विचारू नये. बाजूच्या शेडमधला संघपाल? — खोकला गेला, बडबड परत आली. आणि आमच्या शेडमध्ये लेथवर काम करणारी प्रीती? ती तर हवेतच आहे! सहा महिने संध्याकाळी क्लासला जाऊन पोरगी कॉम्प्युटरवर चालणारी सीएनसी मशीन चालवायला शिकली, पदरच्या पैशानं. तशी एक मशीन मी राजकोटला बुक केली आहे, डिसेंबरात येईल. चालवणार प्रीतीच. पगार दीडपट, नोकरी पक्की. पंपाचे बुश घडवणाऱ्या माझ्या चार जुन्या लेथना म्हातारपणी सून येणार!

दुपारी टपरीवर बरेच जण होते, आमच्या शेडमधलेही. मशीनवर सरकारी सबसिडी मिळते, ती निवडणुकीनंतर राहते का, असं संघपालनं मला विचारलं. मी रोज तीन पेपर वाचतो हे त्याला ठाऊक. म्हटलं, बंद होणार, पक्कं समज. सगळ्यांनी माना हलवल्या. चहा आज छान होता.

१२ ऑक्टोबर

दीक्षाभूमी. गर्दीत सिंधूची चप्पल हरवली. तरी घरी येईस्तोवर हसत होती.

१८ ऑक्टोबर

पंख्याच्या मोटरी बनवणारा विक्रम भेटला. सबसिडी जाणार म्हणे! त्यानं नव्या शेडचं काम थांबवलं, गवंड्यांना परत पाठवलं. बँकेतही दोघं तेच बोलत होते. म्हणजे खरंच आहे. आगीशिवाय धूर निघत नाही.

२१ ऑक्टोबर

राजकोटला फोन केला — मशीन पाठवू नका, आधी निकाल लागू द्या. मग प्रीतीला सांगितलं. हातातलं बुश पुसत म्हणाली, ‘काका, सरकार कोनाचंही येवो, पंपाले बुश तं लागनच ना?’ मी म्हटलं, ‘तुले नाही समजत बेटा, सारी एमआयडीसी थांबून राहिली.’ मग हळूच म्हणाली, एकदा उद्योग केंद्राच्या ऑफिसात जाऊन विचारून येता का? मी म्हटलं, तिथले काय सांगणार! सगळे म्हणतात ते खोटं का असेल?

ती मशीनकडं वळली. सुट्टी झाल्याबरोबर निघून गेली.

३१ ऑक्टोबर

राजकोटवाल्याचा फोन. आमच्या हिंगणा एमआयडीसीच्या चार मशिनी पंधरा दिवसांत थांबल्या म्हणे. माझा नंबर दुसऱ्याला दिला. आता एप्रिल, तोही वाढीव भावानं. मी बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

११ नोव्हेंबर

प्रीतीला चाकणला काम लागलं. सीएनसी नाही, साधं पॅकिंग. पण मी देतो त्याहून पगार जास्त, आणि आई आजारी आहे. निघताना पाया पडली. मला ‘थांब’ म्हणवेना. कोणत्या तोंडानं म्हणू? सहा महिने शिकली ते लेथच्या चुऱ्यासारखं झाडून टाकलं मी.

२३ नोव्हेंबर

निकाल. फटाके.

२६ नोव्हेंबर

शेवटी उद्योग केंद्रात गेलो. तिथल्या बाईंनी कागद काढून दाखवला. योजना आणखी दोन वर्षं आहे, निवडणुकीशी तिचा संबंधच नाही. म्हणाल्या, बंद होणार असं कोण म्हणालं? मी म्हटलं, हिंगण्यात सगळेच.

तिथून उठलो आणि छडाच लावला. विक्रमला विचारलं — टपरीवाल्यानं सांगितलं. टपरीवाल्याला विचारलं — संघपालनं. संघपालकडं गेलो तर तो खुर्ची पुढं सरकवून म्हणाला, ‘भाऊ, तुम्हीच तं म्हटलं होतं ना!’

घरी येऊन ही वही उलटी चाळली. सात तारीख. माझंच अक्षर.

२७ नोव्हेंबर

सिंधूला सांगितलं. म्हणाली, ‘तुम्हाले “मले माहीत नाही” एवढं म्हनता येत नाही जी. चाळीस वर्षं पाहून राहिली.’ खरं आहे. शाळा चौथीपर्यंत. लेथ शिकलो तो बघून-बघून, पेपर वाचायला शिकलो तो पुडीच्या कागदावर. म्हणून कोणी चारचौघांत विचारलं की छाती फुगते, आणि तोंडातून काहीही निघतं. आणि मग माझाच शब्द गावभर फिरून परत आला, तर मीच त्याला पाट मांडून दिला!

२८ नोव्हेंबर

टपरीवर सगळ्यांसमोर सांगितलं — मी ठोकून दिलं होतं. विक्रमचे गवंडी बुटीबोरीला कामाला लागले. संघपाल म्हणाला, जाऊ द्या भाऊ, आम्हीही विचारलं नाही. त्यानं आणखीच लाज वाटली.

२ डिसेंबर

प्रीतीला पत्र टाकलं. फोनवर जीभ रेटेना. सगळं लिहिलं — अफवा माझीच, तुझं नुकसान मीच केलं. एप्रिलची मशीन पक्की केली आहे, यायचं असेल तर ये, नसेल तर रागव, पण उत्तर लवकर लिही.

११ डिसेंबर

प्रीतीचं उत्तर आलं. अर्धं पान.

‘काका, तुम्ही मशीन थांबवली त्याच दिवशी मी सुट्टी झाल्यावर ऑफिसात जाऊन आली होती. योजना चालू आहे, हे मले तेव्हाच समजलं. पन टपरीवर तुम्ही म्हटलं तेव्हा मी मागंच उभी होती. एवढ्या लोकांत तुमचा शब्द खोटा कसा पाडू? आईले बरं आहे. मी येईन का नाही, विचार करून राहिली. तुम्ही लवकर लिहा.’