आंबट पानाची साक्ष

रॅले, ९ जुलै

प्रिय बाबा,

आपला डोंगर वाचला! बोलून बोलून घसा बसलाय, बाकी मी ठणठणीत. आई हे वाचून दाखवतेय ना? तुमचा खोकला कसा आहे?

झाडतोडीच्या सुनावणीत मी तासभर तडाखेबंद बोलले, ग्रंथांचे दाखले दिले. लाकूड कंपनीचा वकील नुसता हसला. "बाई, ही साधी जंगली झाडं, सरपणाच्या लायकीची. मधाची झाडं म्हणे!" अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. झाडं तुटली तर रिकाम्या पडणाऱ्या आपल्या मधपेट्या माझ्या डोळ्यांपुढे आल्या.

मग पिशवीतून आपल्या उतारावरची डहाळी काढली, पांढऱ्या फुलांचे झुबके लोंबणारी, आणि एक पान अध्यक्षांपुढे धरलं. "चावून बघा, साहेब."

म्हातारबुवांचं तोंड असं वेडंवाकडं झालं! "अरे, हे तर आंबट झाड! लहानपणी डोंगरात तहान लागली की आम्ही हेच चघळायचो. याच्याच मधावर वाढलोय मी!"

उतारावर कुऱ्हाड चालवायला तिथल्या तिथे मनाई झाली.

वकील कुरकुरला, "हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय?"

म्हटलं, "ज्यांनी शिकवलं, त्या माझ्या बाबांना वाचता येत नाही."

आई, इथे जरा थांब आणि त्यांच्या तोंडाकडे बघ.

पेट्यांना आणि तुम्हा दोघांना भेटायला आसुसलेली,
तुमची ओलेटा