गॅव्हिनची रायफल

१२ जून
हेड ऑफिसच्या पोरीला आज गप्प केलं! फोनवर शिकवत होती – बंदुका टपालाने पाठवायचे नवे नियम आलेत, नीट वाचा. वाचा? पाठ आहेत मला! आत काडतूस नको, छर्रा नको. रायफलचा बोल्ट – ज्याच्याविना गोळीच सुटत नाही तो – काढून वेगळ्या पार्सलात. बाहेरून बंदूक आहे हे कळता कामा नये. घेणाऱ्याच्या अर्जावर पोलिसांचा शिक्का. सगळं घडाघडा म्हणून दाखवलं. "बरं, नोएलीन," म्हणाली नि फोन ठेवला.

एकवीस वर्षं दुकानाच्या या कोपऱ्यात टपाल सांभाळतेय. इथून गेलेली एकही बंदूक परत आलेली नाही.

१४ जून
वरच्या खोऱ्यातून गॅव्हिन मॅकिलरॉय आला. लोकरीच्या पोत्यात गुंडाळलेली रायफल – नळी बाहेर! डनीडन शहरात मेव्हण्याकडे पाठवायची म्हणे.

"अरे, आंधळ्यालाही कळेल आत काय आहे ते! खोकं आण."

"मग तूच ठेवून घे आठवडाभर."

"हे काय शस्त्रागार आहे?"

रांगेतले हसले. तो नाही. मार्चमध्ये त्याची बायको आयलीन वारली, तेव्हापासून तो हसतच नाही म्हणा.

१६ जून
गॅव्हिन पुन्हा. खोकं झकास, पण बोल्ट आतच! परत पाठवला.

"आजच जायला हवी होती गं."

चाळीस किलोमीटर घसरड्या रस्त्याने आला होता बिचारा. पण एकाला सूट दिली की उद्या सगळं खोरं माझ्या डोक्यावर बसेल.

१७ जून
बर्फ. आमचा जून म्हणजे ऐन हिवाळा. टपालगाडी नाही.

१९ जून
गॅव्हिन. दोन पार्सलं, बांधणी नामी. पण मेव्हण्याचा अर्ज?

"त्याला दहा दिवस लागतील म्हणतो." मग त्याने काउंटरवर दोन्ही हात टेकले. दुकानात आम्ही दोघंच. "नोएलीन, दहा दिवस नाही निघायचे मला. सकाळी डोळे उघडले की पहिली तीच आठवते."

मला वाटलं, आयलीन. मग पाहिलं, त्याची नजर रायफलच्या पार्सलावर होती.

रॅनफर्ली ठाण्याच्या हवालदाराला फोन लावला. बंदूक ठाण्यात जमा करता येते – मला ठाऊक होतं की! पहिल्याच दिवशी सांगायला तोंड का नाही उघडलं? हवालदार अर्ध्या तासात आला, पावती फाडून रायफल घेऊन गेला. गॅव्हिनला समोर बसवून खिम्याचं पॅटिस खायला लावलं. डॉक्टरची वेळ मीच ठरवली. "तू आईपेक्षा वाईट आहेस," म्हणाला. पण खाल्लं सगळं.

२३ जून
हवालदार म्हणाला, "तू बरोबर ओळखलंस." ओळखलं कसलं! तीन खेपा लागल्या मला. पण आता त्या घरात बंदूक नाही, हे नक्की. त्याला रोज दुपारी फोन करते. परवा स्वतःहून मेंढ्यांबद्दल बोलला – दहा मिनिटं!

२६ जून
गॅव्हिन डॉक्टरकडून थेट दुकानात. मला बाहेर बोलावलं. गाडीच्या सीटखालून आजोबांची दुनळी बंदूक काढली. कागद नाहीत, काही नाहीत. "ही कुणाला ठाऊकच नव्हती," म्हणाला. "ही पण घे."