गाठ मारलेलं गवत

बाबा, दिवाळीच्या सुट्टीत मी वसतिगृहातून घरी आले की दुसऱ्याच सकाळी तुम्ही मला गवताच्या पडितावर न्यायचात. समुद्रपूरच्या रस्त्याला लागून आपलं ते तीन एकर. चहूकडे कपाशी आणि मध्ये हे पिवळं पडत चाललेलं गवत. एवढी जमीन नुसती ठेवली म्हणून लोक हसायचे. तुम्ही वासाच्या तिखाडी गवताचं पान चुरगाळून माझ्या नाकाशी धरायचात. माझ्या शाळेच्या पांढऱ्या मोज्यांत कुसळं शिरायची. बांधावर बसून तुम्ही ती एकेक काढायचात, आणि मी तेवढा वेळ पाय लांब करून भाकर खायचे.

कापणीच्या आधी तुम्ही सगळं पडीत पायाखाली घालायचात. जमिनीवर लावरी पाखराचं घरटं दिसलं, की त्याच्यावरच्या गवताचे शेंडे गोळा करून गाठ मारायचात. गाठ दिसली की कापणाऱ्या बाया चार हात जागा सोडून पुढे सरकायच्या. त्या सगळ्यांना हे ठाऊक होतं. मला नव्हतं. मी नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये वाढत होते.

मी आठवीत होते त्या वर्षी सिस्टरांनी गवतांचे नमुने वहीत चिकटवून आणायला सांगितले होते. संध्याकाळी एकटीच फिरताना मला पवन्या गवताची एक जुडी दिसली, उंच आणि शेंड्याला आयती बांधलेली. खाली न बघता मी ती मुळापासून उपटली आणि घरी नेऊन वर्तमानपत्रात दाबून ठेवली.

दुसऱ्या दिवशी बायांमधल्या एका म्हाताऱ्या कापणारीचा विळा घरट्यावरून गेला. तुम्ही फुटलेल्या अंड्यांपाशी उभे आहात, माझ्या हातात पाण्याचा तांब्या आहे.

"काऊन वो बाई, गाठ दिसली नाई तुले?"

"भाऊ, गाठच नव्हती तठी. असती त इळा घातला असता का मी?"

"मी सोताच्या हातानं बांधली होती."

मागून कोणीतरी हसलं. "बुढीले आता अंगणात आलेला जावई बी दिसत नाई, गाठ काय दिसते!" सगळ्या बाया हसल्या. तीही थोडी हसली, मग पदराने डोळे पुसून पुन्हा खाली वाकून पाहू लागली. गाठ शोधत होती. मी तांब्या तिच्याजवळ ठेवला आणि घरी आले. पुढच्या वर्षी तुम्ही तिला बोलावलं नाहीत. वहीला मला चांगला शेरा मिळाला.

तुम्ही गेल्यावर वाटण्या झाल्या. आता भावाच्या वाट्याच्या जमिनीत प्लॉटचे दगड रोवलेत. जामच्या चौकापासून जमिनीचे दलाल माझ्या नालवाडीच्या घरापर्यंत येतात. माझं तीन एकर मी अजून नांगरू दिलेलं नाही. पहाटे तितर ओरडतात, नीलगाई, आपले रोही, येऊन बसतात. मागच्या महिन्यात वकिलांनी विचारलं, तुमच्या मागे हे कोणाचं? उत्तर देण्याआधी मी त्या म्हातारीचं घर शोधत गेले. ती केव्हाच वारली. तिची सगळ्यात धाकटी लेक भेटली, माझ्याच वयाची, दारात दोन शेळ्या.

"तुमच्याच पडितावर जाये माय," ती म्हणाली. "मंग म्हने, माह्ये डोळेच गेले, माह्या हातानं पाप झालं. त्या दिसापासून तिनं इळा धरला नाई. कोणी बलावलं त बी नाई गेली. चांगलं दिसे वो तिले. सुईत दोरा ओवे."

तिने चहा दिला. मी पिऊन उठले. बाबा, तिथेही मी काही बोलले नाही.

मृत्युपत्रात असं लिहून घेतलं आहे: जमीन माझ्या मुलीची, पण तिने ती नांगरायची नाही आणि विकायचीही नाही. गवत दर वर्षी त्या म्हातारीच्या लेकीचं, तिच्यामागे तिच्या सुनेचं. कापण्याआधी पडितातून फिरून गाठी त्यांनीच माराव्यात. तुमचा खांद्यावरचा दुपट्टा भावाला. आणि हे पत्र तुमच्यासाठी लिहिलं असलं तरी त्या लेकीकडे जावं. तिला वाचता येत नाही, तिच्या नातीने मोठ्याने वाचून दाखवावं.

मी स्वतः जाऊन वाचीन, असं आधी लिहिलं होतं. ती ओळ मी खोडली आहे.