गुरुवारची चूळ

पनवेल,
१५ जुलै १९९३

प्रिय एफ्राइमदादा,

शालोम. पत्र पोचलं. वहिनीचे गुडघे बरे आहेत हे वाचून जिवाला बरं वाटलं. घराला गिऱ्हाईक मिळालं का आणि दवाखाना आवरून सप्टेंबरात, नवीन वर्षाच्या आपल्या नव्याच्या सणापर्यंत मी इस्रायलला येतेय का, हे तू पुन्हा विचारलंयस. त्याकडे येतेच. आधी माझी फजिती ऐक.

शिरढोणपलीकडच्या शाळेत पोरांचे दात किती किडलेत, ते मागे लिहिलं होतं ना? एकेकाचे दात भरत बसण्यापेक्षा दर गुरुवारी सगळ्या शाळेला फ्लोराइडच्या पाण्याने चूळ भरायला लावायची, असं मी ठरवलं. त्याने दात टणक होतात, कीड कमी लागते. पहिल्याच दिवशी पेले कमी पडले. प्रभाकर गुरुजी म्हणाले, "हातावर द्या की चमचाभर." दिलं. पोरांनी डोळे मिटले, पाणी गटकन पिऊन टाकलं आणि ओला हात डोक्यावरून फिरवला! देवळातलं तीर्थच जणू. मी "थुंका, थुंका" ओरडतेय, पण तीर्थ कोण थुंकतं?

पोटात गेलेलं फ्लोराइड बाधू नये म्हणून सगळ्यांना दूध पाजलं. गावातल्या मालूची पोरगी तेवढी ओकली. संध्याकाळी ती अंगणात खेळत होती, पण गावाने माझी चूळ बंद केली. घरी येऊन रडले. मग मात्र भयंकर राग आला.

रविवारी थेट मालूच्या ओट्यावर जाऊन बसले. ती दातांना मिश्री लावत होती.

"थुकायचंच हाय, तं तोंडात घालायचं कशाला?"

"तू मिश्री गिळतेस का?"

"नाय बा!"

"मग? हेही दातांपुरतंच."

ती खो खो हसली. ज्या मिश्रीवरून मी वर्षभर या बायकांशी भांडतेय, तीच मेली कामाला आली!

"आमी पोरांना पाठवू," ती म्हणाली. "पन दर गुरवारी तू सोता यायचं. दुसरं कोनी आलं, तं चूळ बंद."

दादा, चार आठवडे चूळ भरून दात टिकत नाहीत. वर्षानुवर्षं भरावी लागते. मी तिथल्या तिथे हो म्हटलं, तुला न विचारता. घर विकायचं नाही. माझं तिकीट काढू नकोस. आईबाबांमागे मला तूच आहेस, तरी मी येत नाही. रागाने का होईना, फोन कर. फक्त गुरुवारी नको.

पनवेलचीच राहिलेली,
तुझी धाकटी
रोझी