बाळंतपणाला काम म्हटल्याबद्दल

व्हिसाच्या खिडकीतल्या साहेबांस,

सोलापुरात नन्सनी शिकवलेलं इंग्रजी मला उत्तम येतं, म्हणून मी दुभाष्या नाकारला. तिथेच घात झाला. "मुलीकडे जाऊन काय करणार?" असं तुम्ही विचारलंत. आमच्याकडे कुठलीही आई देईल ते उत्तर मी ताठ मानेने दिलं. "रात्रंदिवस काम करीन. बाळ-बाळंतिणीला तेल लावीन, न्हाऊ घालीन, धुरी देईन, स्वयंपाक करीन." पाहुण्यांच्या व्हिसावर काम करता येत नाही, असं सांगून तुम्ही मला नाकारलंत.

मी जन्मभर बँकेत नोकरी केली. काम कशाला म्हणतात ते मला तुमच्याकडून शिकायचं नाही. लेकीचं बाळंतपण आईने करायचं नाही, तर काय समोर बसून टाळ्या वाजवायच्या?

महेश्वरीचा नवरा सातव्या महिन्यात तिला टाकून गेला. तिचा राहण्याचा परवाना तुमच्याच देशातल्या कचेरीत अडकलाय. ती इकडे आली तर तुम्ही परत घेणार नाही. दिवस भरलेत. नवा अर्ज पुढच्या महिन्यात घेणार म्हणता, तोवर बाळ थांबेल का? हे पत्र पाठवणार नाही, कारण तेव्हाही तुमच्याशीच गाठ आहे.

तिला अजून काही सांगितलेलं नाही. आज फोनवर म्हणाली, "अव्वा, इथं थंडी लई आहे. स्वेटर घेतलास की नाही?"

"घेतला की," मी म्हणाले.

खोटं नाही बोलले. स्वेटर बॅगेत आहे, डिंकाचे लाडू आहेत. बॅग दाराशीच आहे.

महेश्वरीची आई,
श्रीदेवी कलशेट्टी