मंजूर झालेली झोप

एल्को, ७ ऑगस्ट

ती. बहेनजींना हरभगतचे शि. सा. न. वि. वि. उरलेला सत् श्री अकाल जीजाजींना.

पत्रास कारण एक पराठा. आज ढाब्यावर सक्तीच्या अर्ध्या तासाच्या विश्रांतीला बसलो. बावीस मिनिटं विश्रांती विधिवत पार पडली. तेवढ्यात ढाबेवाल्या मौसीने सांगितलं, की ट्रक जरा पुढे घ्या, डिझेलपंपाची वाट अडलीय. घेतला. चाळीस पावलं. पण पाय किंचित जड पडला, वेग ताशी पाच मैलांवर गेला आणि आपल्या तास मोजणाऱ्या यंत्राने मला 'चालवतो आहे' या सदरात ढकललं. विश्रांती भ्रष्ट झाली. आता पुन्हा पहिल्यापासून अर्धा तास आणि पुन्हा पराठा, कारण नुसतं बसलेलं गिऱ्हाईक मौसीला खपत नाही. हे पत्र त्याच प्रायश्चित्तात लिहितो आहे.

डेऱ्यातल्या महंतांनी जीवाच्या चार अवस्था शिकवल्या होत्या: जागृती, स्वप्न, सुषुप्ती आणि तुरीय. इथे अमेरिकेत सरकारच्याही चारच निघाल्या: सुटीवर, निजलेला, चालवणारा आणि कामावर असून न चालवणारा. कामावर आल्यापासून चौदा तासांच्या आत अकरा तास चालवावं, मग दहा तास विसावावं. ऋषींना एवढा नेमकेपणा जमला नव्हता.

शंका एकच. आज पहाटे पाच ते नऊ मी पॅकिंग शेडवर पीचच्या पेट्या मोजत उभा होतो. लॉगमध्ये, म्हणजे यंत्राच्या नोंदवहीत, मात्र आपण घरून केलेल्या दुरुस्तीने मी 'निजलेला' आहे. चाळीस पावलं पकडणाऱ्या यंत्राला चार तास दिसले नाहीत. तुम्ही मोठ्या, म्हणून मी नेहमीप्रमाणे 'मंजूर' दाबलं. पण या सुषुप्तीत पेट्यांचा आकडा कसा पाठ झाला, असं कोणी विचारलं तर काय सांगू?

लोभ आहे तसाच राहू द्यावा, त्यात दुरुस्ती करू नये.

आपला,
हरभगत सिंग

---

यूबा सिटी, १२ ऑगस्ट

चि. हरभगत यास प्रीतपालचे अ. उ. आ.

पत्र पोचलं. दोन पराठे खाऊन तक्रार करणारा भाऊ मिळायला पूर्वपुण्य लागतं. डेऱ्यात सहा वर्षं संस्कृत घोकलंस, त्यापेक्षा पाय हलका ठेवायला शिकला असतास तर बरं झालं असतं.

तुझ्या शंकेचं उत्तर. शेडवाले गाडी चार-चार तास उभी ठेवतात आणि कायदा तो वेळ तुझ्या चौदांतून कापतो. ते तास शेडवाल्यांनी चोरले. मी ते फक्त जागेवर लावते. नाहीतर सॉल्ट लेकला पोचायच्या आधी तुझा दिवस संपेल आणि पीच मुरंबा होऊन पोचतील. तुझ्या जीजाजींना खरेदीदाराने सांगून ठेवलंय, की आणखी एकदा उशीर झाला तर पुढच्या हंगामात दुसऱ्याच्या गाड्या. घरात सध्या तेच पुराण चालू आहे. तेव्हा १७ तारखेच्या खेपेला दुरुस्ती पाठवीन, ती मुकाट मंजूर कर.

आणि एक विचारायचं राहिलं. सात तारखेच्या संध्याकाळी, सॉल्ट लेकच्या अलीकडच्या मिठाच्या मैदानात करकचून ब्रेक लागल्याची नोंद यंत्राने इकडे पाठवली. फोन केला तर म्हणालास, हरीण आडवं आलं. तिथे वीस-वीस मैल गवताची काडी नाही. हरीण काय मीठ न्यायला आलं होतं?

जेवणाची आबाळ करू नकोस. लोणचं पुढच्या खेपेला देते. पत्राने नाही, निदान फोनवर तरी सरळ बोलत जा.

तुझी,
बहेनजी

---

वेंडोव्हर, १७ ऑगस्ट

ती. बहेनजींना शि. सा. न. वि. वि.

आपली दुरुस्ती पोचली. मी 'नामंजूर' दाबलं. हे बटण यंत्रात पहिल्यापासून होतं, पण बोट लावायचा योग आज आला. त्यानुसार मी पहाटे चार तास निजलेलो नसून शेडवर उभा होतो, आणि वेंडोव्हरला माझे चौदा तास भरले. पीच मागे ट्रकच्या शीतपेटीत कुडकुडत आहेत आणि मी पुढे ऊन सोसतो आहे. सॉल्ट लेक दोन तासांवर आहे. उद्या सकाळी पोचेन.

खरेदीदाराने तुमच्या मोटारींना रामराम केला तर जीजाजींनी दोष सरकारवर घालावा, ते सरकारच्या अंगवळणी पडलं आहे. माझ्यावर घातला तरी चालेल. लोणचं मात्र ठरल्याप्रमाणे द्यावं. थोरल्या बहिणीचा लोभ आणि थोरल्या बहिणीचा राग, दोन्ही असू द्यावेत, एकट्याने करमत नाही.

आपला,
हरभगत

ता. क. हरीण नव्हतं. डोळे उघडले तेव्हा उजवी चाकं रस्त्याबाहेरच्या मिठात होती. समोर एका कुटुंबाची गाडी उभी होती, ती माणसं फोटो काढत होती. किती वेळ झोपलो ते मला माहीत नाही. लॉगमध्ये तेवढा वेळही 'चालवतो आहे' असंच आहे. बहेनजी, डोळे मिटले तेव्हा मला कळलंच नाही. पुढच्या वेळीही कळणार नाही, याची मला भीती वाटते.